गोंगाटातून गॅमाकडे : प्रकाशगुणक नळीची कुळकथा

प्रकाशगुणक नळी, म्हणजेच फोटोमल्टिप्लायर, आज गॅमा किरण टिपण्यासाठी ओळखली जात असली, तरी दुसऱ्या महायुद्धात तिच्याकडून भलतेच काम करून घेतले गेले. कॅथोडवर प्रकाश पडून सुटलेला इलेक्ट्रॉन डायनोड नावाच्या पत्र्यांवर एकामागून एक आदळत जातो आणि प्रत्येक आघाताला त्याचे अनेक होतात. मात्र इलेक्ट्रॉन कधी सुटेल याला नियम नसल्याने, सतत उजेडात ठेवलेली नळी निखळ विद्युत गोंगाट निर्माण करते. आरसीए कंपनीची ‘९३१-ए’ ही नळी शत्रूचे रडार गोंधळवणाऱ्या यंत्रांना हाच गोंगाट पुरवीत असे.

नळीच्या जनकत्वाचा वाद जुनाच आहे. लिओनिद कुबेत्स्की यांनी १९३० मध्ये रशियात ही कल्पना मांडली, १९३४ मध्ये आरसीएचे झ्वोरिकिन तिकडे जाऊन आले आणि १९३६ मध्ये त्यांचा सहकाऱ्यांसह लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला. हा क्रम पाहता कल्पनेचा मान कुबेत्स्कींनाच द्यावा लागतो. मात्र इलेक्ट्रॉन वळवण्यासाठी लागणाऱ्या चुंबकाची गरज संपवणारी, पुढे रूढ झालेली रचना आरसीएच्याच राइखमन यांची.

सिंटिलेशन, म्हणजे किरणाच्या आघाताने पदार्थात उठणारी क्षणिक लकाकी, रदरफोर्डच्या काळात अंधारात बसून डोळ्यांनी मोजत. करन आणि बेकर यांनी १९४४ मध्ये डोळ्याच्या जागी नळी बसवली, कालमान यांनी १९४७ च्या सुमारास डांबरगोळ्यांचे नॅप्थलीन वापरले, तर हॉफस्टाटर यांनी १९४८ मध्ये थॅलियममिश्रित सोडियम आयोडाइड आणले. गॅमा मापनाचे खरे श्रेय या पारदर्शक, जाड स्फटिकांचे, असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे, कारण आधी वापरल्या जाणाऱ्या झिंक सल्फाइडच्या पातळ थरातून गॅमा किरण बहुधा आरपार जातात. तरीही युद्धामुळे ही नळी हुकमी माल बनली नसती, तर त्या स्फटिकांचा प्रसार इतका झपाट्याने झाला नसता, असे मानायला जागा आहे.

१९९० च्या दशकात हामामात्सु कंपनीने अंगठ्याच्या पेराएवढी, धातूच्या कवचाची नळी आणली. आतले अंतर थोडे असल्याने इलेक्ट्रॉनांच्या प्रवासवेळेतील तफावत नॅनोसेकंदाच्या काही दशांशांवर येते. ही तफावत तपासण्यासाठी सोडियम-२२ चा स्रोत मध्ये ठेवून, परस्परविरुद्ध दिशांना निघणारे ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन किरण समोरासमोरच्या नळ्यांत पकडतात आणि दोन्ही स्पंदांमधील वेळेचा फरक किती पसरतो ते पाहतात. येथे लहानपणाची किंमतही मोजावी लागते : ८ मिलिमीटरची खिडकी २५ मिलिमीटर व्यासाच्या स्फटिकाचा जेमतेम दहावा भाग झाकते, त्यामुळे प्रकाश वाया जाऊन ऊर्जेचे मापन ढिले पडते. शिवाय सोडियम आयोडाइडची लकाकी विझायला सुमारे २३० नॅनोसेकंद घेत असल्याने नळीची चपळाई तेथे फारशी कामी येत नाही. बेरियम फ्लोराइडच्या लकाकीचा जलद भाग नॅनोसेकंदाच्या आत विझतो खरा, पण त्याचा प्रकाश अतिनील असल्याने साधी काच तो अडवते आणि त्या नळीला क्वार्ट्झसारखी खिडकी लागते.