ब्राह्मी कोणती?

दोन वर्षांपूर्वी बाबांचा सांगलीहून फोन आला. "अगं, हल्ली माणसांची नावं आठवत नाहीत. चेहरा समोर असतो, नाव येत नाही. आठवणीसाठी एखादी चांगली गोळी बघ ना. बाटलीवरचं बारीक बारीक तूच वाचू जाणे." बाबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आईच्या पश्चात एकटेच राहतात, त्यामुळे त्यांनी हे हसत सांगितलं तरी मला ते हसण्यावारी नेता आलं नाही.

बंगळुरूत आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात दोन बाटल्या मिळाल्या. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत ‘ब्राह्मी’. मागे बारीक अक्षरांत लॅटिन नावं होती: एकीवर बाकोपा मोन्निएरी, दुसरीवर सेंटेला एशियाटिका. म्हणजे या दोन वेगळ्या वनस्पती होत्या, अगदी वेगळ्या कुळांतल्या. एकाच शब्दाचे दोन अर्थ हा माझा रोजचा धंदा. पण अनुवादात चूक झाली तर फार तर संपादकाची चिठ्ठी येते. इथे प्रश्न बाबांच्या पोटात काय जाणार याचा होता.

सेंटेला जमिनीलगत पसरते. पानं गोलसर, बेचक्यात खाच असलेली, बेडकाच्या पायासारखी वाटणारी; म्हणून तिचं संस्कृत नाव मंडूकपर्णी. मराठीत ती कारिवणा, गोव्यात एकपानी, कन्नडमध्ये ओंदेलगा, तमिळमध्ये वल्लारै, बंगालीत थानकुनी, असमियात मानिमुनि. बाकोपा पाणथळीत वाढते. तिची पानं लहान आणि मांसल, फुलं फिकट, चव कडूजहर. हिंदीत तिला जलनीम म्हणतात ते उगाच नाही. बंगालमध्ये ‘ब्राह्मी शाक’ म्हटलं की हीच भाजी. महाराष्ट्रातल्या रोपवाटिकेत ब्राह्मी मागा, बहुतेक वेळा गोल पानाची सेंटेला हातात पडते. एका बंगाली कथेच्या अनुवादात मी ‘ब्राह्मी’ शब्द तसाच ठेवला होता, तळटीपही दिली नव्हती. शब्द जुळला, झाड मात्र बदललं होतं.

हा घोळ जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या रसायन अध्यायात बुद्धीला हितकर अशी चार ‘मेध्य रसायनं’ सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. आज सगळ्यात जास्त खपणारी ब्राह्मी या चौघांत नाही. सुश्रुताने मंडूकपर्णी आणि ब्राह्मी या दोन्हींचे प्रयोग दिले आहेत, पण वेगवेगळे. पुढे निघंटूंमध्ये पर्यायनावांची सरमिसळ होत गेली. वैद्य आपल्या प्रदेशात जे उगवतं ते वापरत, आणि नाव ग्रंथातलं देत. शंखपुष्पीची गतही तीच झाली. या एका नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत किमान चार वनस्पती चालतात. केरळात तर गोकर्णीलाच शंखपुष्पी म्हणतात.

दोघींची नोंद वेगवेगळी ठेवणारा एक ग्रंथ मात्र सतराव्या शतकातच तयार झाला. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने करवून घेतलेला ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅममध्ये बारा खंडांत छापला गेला. त्याच्या दहाव्या खंडात या दोन्ही वनस्पतींची स्वतंत्र चित्रं आहेत, मलयाळम नावांसकट. ग्रंथामागे इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते, आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही. या तिघांचं १६७५चं प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोंकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेलं आहे. मलयाळी वैद्याचं ज्ञान पोर्तुगीजमार्गे लॅटिनमध्ये गेलं. के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवून ते इंग्रजीत आणि मग पुन्हा मलयाळममध्ये आणलं. त्यांचा इंग्रजी अनुवाद २००३ साली केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केला. नाव आणि झाड यांची गाठ पक्की राहावी म्हणून अनुवादकाने काय करावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आधुनिक प्रयोगशाळेने निवडली ती बाकोपा. लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था १९५१ साली गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी वाड्यात सुरू झाली. तिथल्या रसायनतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात बाकोपातून ‘बॅकोसाइड’ नावाची द्रव्यं वेगळी केली. १९८२मध्ये तिथल्याच एच. के. सिंह आणि बी. एन. धवन यांनी उंदरांच्या शिकण्यावर तिचा परिणाम तपासला. आज भारताच्या आयुर्वेदिक औषधकोशात ब्राह्मी म्हणजे बाकोपा, आणि सेंटेला म्हणजे मंडूकपर्णी, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. कोशाने निकाल दिला, बाजाराने तो अजून पुरता वाचलेला नाही.

माणसांवरचे प्रयोगही झाले. ऑस्ट्रेलियात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांना तीन महिने बाकोपा किंवा बनावट गोळी दिली. शिकण्याचा वेग वाढला नाही. शिकलेलं विसरण्याचा वेग मात्र कमी झाला. हे वाचून मला मजा वाटली, कारण ‘मेधा’ या शब्दाचा कोशातला एक अर्थ धारणाशक्ती हाच आहे. पण ७६ माणसं आणि तीन महिने एवढ्यावर कुणाला ग्वाही देता येत नाही. छोट्या प्रयोगाची आशा मोठ्या प्रयोगात टिकतेच असं नाही. गिंको या चिनी वृक्षाच्या पानांचा अर्क जगभर स्मृतीसाठी खपत होता. अमेरिकेत ७५च्या पुढच्या ३,०६९ लोकांना सरासरी सहा वर्षं तो किंवा बनावट गोळी देऊन पाहिली. २००८ साली निष्कर्ष आला: स्मृतिभ्रंश टाळायला त्याचा उपयोग झाला नाही.

आणि ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य? मुंबईतल्या संशोधकांनी १९९२मध्ये याचं उत्तर दिलं. अपस्माराचे दोन रुग्ण फेनिटॉइन घेत असताना त्यांना अचानक पुन्हा झटके येऊ लागले; दोघे शंखपुष्पीचं औषधही घेत होते. उंदरांवर पडताळल्यावर दिसलं, की त्या औषधाने रक्तातलं फेनिटॉइन कमी होतं. ज्येष्ठमध तर भरपूर घेतला की रक्तदाब वाढतो. बाबांना रक्तदाब आहे. चरकाचा दुसरा प्रयोग तिथेच बाद झाला.

मी दोन्ही बाटल्या दुकानातच ठेवल्या आणि बाबांना म्हटलं, "आधी डॉक्टरांना दाखवा, तुम्ही सध्या काय काय घेता ते कागदावर लिहून न्या." कागदावर मेटफॉर्मिन होतं, बारा वर्षांपासूनचं. डॉक्टरांनी तो कागद पाहून बी-१२ तपासायला सांगितलं. हे औषध दीर्घकाळ घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं. शिवाय बाबा जन्माचे शाकाहारी. शाकाहारात दूधदुभतं सोडलं तर हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने शहरी आणि ग्रामीण मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. त्यांतल्या ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं, असं त्यांनी २००६मध्ये लिहिलं. आणि बी-१२च्या कमतरतेने विसराळूपणा येतो, जो वेळेवर लक्षात आला तर बऱ्याचदा भरून निघतो. वाट पाहत राहिलं तर निघेलच असं नाही.

बाबांचं बी-१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. पायांना येणाऱ्या मुंग्या गेल्या. त्या त्यांनी कधी कुणाला सांगितल्याच नव्हत्या. नावं काही परत आली, काही नाही, आणि त्यांतली किती वयाची हे डॉक्टरही सांगत नाहीत.

मागच्या महिन्यात ते इथे आले होते. बाजारात ओंदेलगाची जुडी दिसली, म्हणून मी नारळ आणि ताक घालून तिची तंबुळी केली. त्यांनी भाताबरोबर दोनदा घेतली. "ही कसली गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कारिवणा." ते म्हणाले, "म्हणजे ब्राह्मीच की." मी ‘नाही’ म्हणणार होते, पण त्यांना आजीच्या परसातली विहिरीकडची जागा आठवली होती, जिथे ही पानं उगवायची, आणि ते त्याबद्दल बोलायला लागले होते.