सुपरचार्जरच्या गाडीला बूस्ट गेज लावावा का?

२००२ ते २००६ या काळातल्या मिनी कूपर एसच्या (आर५३) १.६ लिटर इंजिनावर ईटनचा एम४५ सुपरचार्जर असे. तो पट्ट्यावर, थेट इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की कोणत्या आरपीएमला किती बूस्ट मिळणार, हे जवळपास ठरलेलं असतं. गाडीत काही बदल केले नसतील, तर गेज ही बहुतेक हौसच.

सुपरचार्जरची पुली बदलून लहान बसवली, तर मात्र गेज हवाच. नेहमीपेक्षा कमी बूस्ट दिसला, तर पट्टा घसरतोय, कुठेतरी हवा गळतेय किंवा बायपास व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, अशी शंका लगेच घेता येते. पण आकडा वाढला म्हणजे ताकद वाढली असं नाही. गेज दाब मोजतो, हवा किती गेली ते नाही. शिवाय पिस्टन फोडू शकणारं नॉकिंग त्यावर दिसत नाही.