इंजिन सुरू, होडी मात्र जागेवरच!

खाडीत जाळी टाकणाऱ्या लहान होड्यांच्या मागच्या फळीवर अडकवलेले आउटबोर्ड इंजिन, म्हणजेच बोलीभाषेतील ‘ओबीएम’, हे मोठे चिवट यंत्र आहे. नियमित निगा राखल्यास २ ते १५ अश्वशक्तीची ही इंजिने दोन-तीन दशके सहज साथ देतात. मात्र वय झालेल्या इंजिनात एक बिघाड वारंवार आढळतो. दोरी ओढताच इंजिन सुरू होते, आवाजही ठणठणीत असतो. परंतु गियर टाकूनही होडी पुढे सरकत नाही, किंवा थोडे अंतर गेल्यावर इंजिन नुसतेच घोंघावू लागते. अशा वेळी ‘गियर गेले’ असा निष्कर्ष काढून इंजिन खोलण्याची किंवा भंगारात देण्याची घाई केली जाते. प्रत्यक्षात अनेकदा दोष असतो तो पंख्यामागच्या बोटभर पिनेत. म्हणूनच तपासणी स्वस्त व सोप्या भागापासून सुरू करून अवघड भागाकडे न्यावी. हा क्रम पाळल्यास खर्च वाचतोच, शिवाय खोल पाण्यात अडकून पडण्याचा धोकाही टळतो.

शक्तीचा मार्ग

नॉर्वेत जन्मलेले अमेरिकी तंत्रज्ञ ओले एव्हिन्रूड यांनी १९०९ मध्ये मिलवॉकी येथे आपल्या आउटबोर्ड इंजिनाचे उत्पादन सुरू केले. त्या इंजिनाची मूळ मांडणी आजही कायम आहे. इंजिनाच्या भुजदंडाला जोडलेला एक लांब उभा दांडा खाली पाण्यात उतरतो. बहुतेक इंजिनांत वाटेत तो थंड पाण्याचा पंप फिरवतो. त्याच्या तळाशी असलेले लहान दातेरी चाक दोन मोठ्या तिरप्या दातेरी चाकांत सतत गुंतलेले असते. ही दोन चाके परस्परविरुद्ध दिशांनी फिरत राहतात. त्यांच्यामध्ये पंख्याच्या आडव्या दांड्यावर सरकणारा दातेरी क्लच असतो. तो पुढच्या चाकात अडकला की होडी पुढे जाते, मागच्या चाकात अडकला की मागे येते आणि मधोमध राहिला की न्यूट्रल. अनेक लहान इंजिनांत पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगाच्या सुमारे निम्मा असतो. अगदी लहान इंजिनांत मागे जाण्याचा गियरच नसतो. तेथे संपूर्ण इंजिन फिरवून दिशा बदलावी लागते. काही जुन्या इंजिनांत तर न्यूट्रलही नसतो.

हा मार्ग ध्यानात ठेवला, तर शक्ती नेमकी कोठे खंडित झाली हे शोधणे कठीण नाही.

पहिली तपासणी : इंजिन बंद ठेवून

प्रथम स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी. पंख्याला हात लावण्यापूर्वी हे केलेच पाहिजे. त्यानंतर पुढचा गियर टाकून पंखा हाताने दोन्ही दिशांनी फिरवावा. एका दिशेने तरी इंजिनाचा विरोध जाणवला पाहिजे आणि वरचे फ्लायव्हील हलले पाहिजे. काही इंजिनांत दुसऱ्या दिशेने फिरवताना ‘कटकट’ असा आवाज येतो. तो क्लचच्या उतरत्या दात्यांचा असून त्यात दोष नसतो. पंखा दोन्हीकडे मोकळा फिरत असेल आणि त्यामागचा दांडा स्थिर राहत असेल, तर पिन तुटली आहे असे समजावे.

पिनेच्या जागी खिळा नको

साधारणतः कमी अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनांत पंखा दांड्यावर एका आडव्या पिनेने अडकवलेला असतो. पंखा खडकावर, कालवांच्या थरावर किंवा वाळूच्या दांड्यावर आदळल्यास ही पिन मोडावी, अशीच तिची योजना आहे. पिन मोडते म्हणून आतील दातेरी चाके वाचतात. नेमक्या याच कारणासाठी तिच्या जागी लोखंडी खिळा किंवा ड्रिलचा तुकडा बसवणे घातक ठरते. पुढच्या धक्क्यात खिळा टिकतो आणि दाते उडतात. पिन त्याच इंजिनासाठी सांगितलेल्या जाडीची, लांबीची व धातूची असावी. नवी पिन घालताना दांड्याच्या भोकात जुना तुकडा राहिलेला नाही, हे पाहावे. पंख्याचे बोंड अडकवणारी दुमडती कॉटर पिनही नवीच वापरावी.

ब्रिटिश सीगल या जुन्या इंग्रजी इंजिनांत पिनेऐवजी पंखा व दांडा यांना जोडणारी जाड स्प्रिंग असते. ती तुटली तरी लक्षण तेच दिसते.

रबरी बुशाचा घसरा

थोड्या मोठ्या इंजिनांत पिनेचे काम पंख्याच्या मध्यभागी घट्ट बसवलेले रबरी बुश करते. ते जुने झाले की आतल्या आत घसरू लागते. याचे लक्षण वेगळे असते. हळू चालवल्यास होडी नीट जाते. थ्रॉटल वाढवताच इंजिनाचा आवाज चढतो आणि होडीचा वेग मात्र वाढत नाही. खात्रीसाठी पंख्याच्या आतील धातूच्या नळीवरून बाहेरील भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी व होडी पूर्ण जोराने चालवून पाहावी. त्यानंतर इंजिन बंद करून रेघ तपासावी. ती तुटलेली दिसल्यास बुश घसरते आहे. अशा स्थितीत कमी वेगाने किनाऱ्यापर्यंत परतणे बहुधा शक्य असते.

रेघ अखंड असूनही इंजिन घोंघावत असेल, तर इंजिन फळीवर किती उंच बसले आहे ते पाहावे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. ती वर राहिल्यास पंखा हवा ओढतो आणि पाण्याला जोर मिळत नाही. आउटबोर्ड इंजिने प्रामुख्याने १५ व २० इंच उंचीच्या फळ्यांसाठी बनवलेली असतात. आखूड दांड्याचे जुने इंजिन उंच फळीच्या होडीवर बसवल्यास हा दोष हमखास उद्‍भवतो.

पाण्याची धार काय सांगते?

पिन व बुश ठीक असतील, तर पुढची चाचणी पाण्याच्या पिंपात करावी. पंखा काढून ठेवावा, पाणी खेचणारी छिद्रे पूर्ण बुडतील एवढे पाणी भरावे आणि इंजिन सर्वात कमी वेगावर सुरू करावे. पाण्याविना इंजिन चालवू नये, कारण पंपाचे रबरी चाक काही क्षणांत खराब होते. गियर टाकल्यावर पंख्याचा दांडा फिरतो का, हे लांबूनच पाहावे.

दांडा फिरत नसेल, पण इंजिनाच्या थंड पाण्याची धार बाहेर पडत असेल, तर उभा दांडा निदान पंपापर्यंत शाबूत आहे. दोष त्याखाली, म्हणजे दातेरी चाकांत, क्लचमध्ये किंवा गियर बदलणाऱ्या सळईत असतो. दांडाही फिरत नाही आणि धारही नाही, असे असल्यास उभा दांडा तुटला आहे किंवा त्याच्या वरच्या टोकाच्या खाचा झिजल्या आहेत, अशी दाट शंका घ्यावी. त्याआधी धारेचे छिद्र मिठाने किंवा चिखलाने बुजलेले नाही, हे बारीक तारेने तपासावे. दांडा फिरतो पण धार नाही, तर दोष पंपाचा असतो. इंजिन तत्काळ बंद करावे.

गियर सुटत असेल तर

भार पडताच ‘कडकड’ असा आवाज होऊन गियर निसटणे, हे क्लचचे दाते गोल झाल्याचे लक्षण आहे. गियर भीतभीत, हळूहळू टाकण्याची सवय हे त्याचे प्रमुख कारण असते. इंजिन सर्वात कमी वेगावर आणून गियर एका झटक्यात टाकावा. मात्र दाते झिजले असे ठरवण्यापूर्वी गियरची सळई व तिचे सांधे तपासावेत. सांधा ढिला असल्यास क्लच अर्धवटच अडकतो. हे समायोजन बाहेरून करता येत असेल, तर गियरपेटी उघडण्याची वेळ येत नाही.

तेलाची साक्ष

गियरपेटी उघडण्याआधी तिचे तेल पाहावे. इंजिन उभे ठेवून खालचा स्क्रू काढावा, नंतर वरचा. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे. पंख्यामागे गुंडाळलेला नायलॉनचा दोर किंवा जाळ्याचा धागा रबरी सील कापतो आणि तेथून पाणी आत जाते. म्हणून पंखा अधूनमधून काढून दांडा स्वच्छ करावा. तेलात धातूची बारीक भुकटी असणे स्वाभाविक आहे. चकाकणारे तुकडे आढळल्यास मात्र दाते तुटले आहेत. तशा स्थितीत इंजिन चालवणे थांबवावे. सीगलच्या काही जुन्या इंजिनांत जाड १४० क्रमांकाचे तेल वापरतात व त्यात थोडे पाणी मिसळणे गृहीतच धरलेले असते. एरवी दुधाळ तेल हा धोक्याचा इशारा मानावा.

नवे तेल खालच्या छिद्रातून भरावे. ते वरच्या छिद्रातून बाहेर येऊ लागले की आधी वरचा स्क्रू बसवावा व मग खालचा. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घालावेत. जॉन्सन व एव्हिन्रूड यांच्या काही जुन्या इंजिनांत तेलाच्या स्क्रूजवळच अधिकच्या खुणेचे डोके असलेला आणखी एक स्क्रू असतो. तो गियरच्या आतील जोडणीचा असल्याने काढू नये; काढल्यास गियरपेटी खोलावी लागते. एव्हिन्रूड इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले, त्यामुळे अशा जुन्या यंत्रांचा प्रत्येक सुटा भाग जपणे अगत्याचे आहे.

होडीत काय असावे?

पिन ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी तुटली, तर होडी प्रवाहाबरोबर समुद्राकडे ओढली जाते. अशा वेळी आधी नांगर टाकावा, मग इंजिन वर उचलावे. दोन-तीन योग्य पिना, कॉटर पिना, पक्कड, स्पार्क प्लगचा पाना व वल्ही ही सामग्री प्रत्येक फेरीत बरोबर असावी. पिन बदलण्याचा सराव किनाऱ्यावर एकदा तरी करावा. हलत्या होडीत, ओल्या हातांनी तो प्रथमच करण्याची वेळ येऊ नये. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढल्यावर तेल बदलून ठेवल्यास आत शिरलेले पाणी महिनोन्‌महिने गियरपेटीत साचून राहत नाही आणि नव्या हंगामाच्या पहिल्याच फेरीत इंजिन दगा देत नाही.