'रोझमेरीज बेबी' : हिरावलेल्या बाळाचा शोध

'रोझमेरीज बेबी' हा १९६८ साली प्रदर्शित झालेला अमेरिकी भयपट आयरा लेव्हिन यांच्या १९६७ मधील याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. पटकथा व दिग्दर्शन रोमन पोलान्स्की यांचे असून, रोझमेरीची भूमिका मिया फॅरो यांनी साकारली. कथा सैतानाच्या उपासकांची असली, तरी प्रेक्षकाला अस्वस्थ करते ती रोझमेरीची असहायता. तिच्या देहाविषयीचे सर्व निर्णय इतर जण घेतात आणि तिच्या शब्दावर कोणीही विश्वास ठेवत नाही.

कथानक

रोझमेरी आणि तिचा पती गाय वुडहाउस न्यूयॉर्कमधील ब्रॅमफर्ड या जुन्या इमारतीत राहावयास येतात. गाय हा यशासाठी धडपडणारा नट. शेजारचे कॅस्टेव्हेट हे वृद्ध दाम्पत्य त्यांच्याशी सलगी वाढविते. त्यानंतर गायच्या प्रतिस्पर्ध्यास अकस्मात अंधत्व येते आणि त्याची भूमिका गायला मिळते. पुढे रोझमेरीला दिवस जातात. डॉक्टर शेजाऱ्यांच्या पसंतीचा, रोजचे पेय शेजारीण करून आणील ते. कित्येक आठवडे असह्य वेदना होऊनही डॉक्टर तिला पुस्तके न वाचण्याचा व मैत्रिणींचे न ऐकण्याचा सल्ला देतात. संशय बळावल्यावर ती दुसऱ्या डॉक्टरकडे धाव घेते. तो शांतपणे ऐकून घेतो आणि तिच्या पतीलाच बोलावतो.

प्रसूतीनंतर बाळ दगावल्याचे तिला सांगण्यात येते. मात्र भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज येत राहतो. अखेर हातात सुरी घेऊन ती कपाटामागील गुप्त वाटेने शेजाऱ्यांच्या घरात शिरते. तेथे काळ्या वस्त्रांनी मढविलेल्या पाळण्यात तिचे बाळ असते. पण ते सैतानाचे असल्याचे तिला कळते. बाळाचा चेहरा प्रेक्षकांना स्पष्टपणे कधीच दिसत नाही. दिसतो तो पाळण्याला झोका देणारा आईचा हात. तिच्या मातृत्वाचा हा विजय की पराभव, याचे उत्तर चित्रपट देत नाही.

निर्मिती

निर्माते विल्यम कॅसल यांना दिग्दर्शनही स्वतःच करावयाचे होते. पॅरामाउंट कंपनीने मात्र ते काम पोलान्स्की यांच्याकडे सोपविले. हा त्यांचा पहिला अमेरिकी चित्रपट. ब्रॅमफर्डच्या बाह्यदृश्यांसाठी न्यूयॉर्कमधील डाकोटा ही इमारत वापरण्यात आली. संगीत पोलंडच्या क्रिस्टॉफ कोमेडा यांचे असून, श्रेयनामावलीच्या वेळी ऐकू येणारे अंगाईगीताचे शब्दहीन सूर स्वतः फॅरो यांचे आहेत. चित्रीकरण सुरू असतानाच त्यांचे पती, गायक फ्रँक सिनात्रा यांनी त्यांना घटस्फोटाची कागदपत्रे पाठविली होती. शेजारीण मिनी रंगविणाऱ्या रूथ गॉर्डन यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले.

प्रभाव आणि वाद

या यशानंतर 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) व 'द ओमेन' (१९७६) यांसारख्या सैतानविषयक चित्रपटांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१४ साली 'रोझमेरीज बेबी'चा राष्ट्रीय चित्रपट सूचीत समावेश केला. त्याच वर्षी या कथेवर दूरचित्रवाणी मालिका आली, तर २०२४ मध्ये 'अपार्टमेंट ७ए' हा पूर्वकथा सांगणारा चित्रपट प्रदर्शित झाला.

पोलान्स्की यांनी १९७७ मध्ये अल्पवयीन मुलीशी बेकायदा शरीरसंबंध ठेवल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला आणि शिक्षेपूर्वीच, १९७८ मध्ये, अमेरिका सोडली. बेशुद्धावस्थेतील रोझमेरीवरील अत्याचार हाच या कथेचा आरंभबिंदू आहे. त्यामुळे स्त्रीच्या शब्दावरील अविश्वासाचे इतके प्रत्ययकारी चित्रण करणाऱ्या या कलाकृतीकडे तिच्या दिग्दर्शकाचे कृत्य विसरून पाहता येईल काय, हा प्रश्न अभ्यासकांना आजही टाळता येत नाही.