जात्याजवळची मूठ



वडोद्यात मराठी श्रोत्यांपुढे शिक्षणाच्या इतिहासावर बोलायचे तर सयाजीराव महाराजांपासून सुरुवात करावी, असा जणू शिरस्ता आहे. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला, १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना अमेरिकेस पाठवले. हे सारे आपण शाळकरी वयापासून ऐकत आलो आहोत. आज मात्र महाराजांपाशी मी शेवटी येणार आहे. आजची सुरुवात जात्यापासून करतो.

प्रश्न साधा आहे. शाळा फुकट झाली, तरी पोट फुकट भरत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरात आठ-दहा वर्षांचा मुलगा हा कमावता हात असे. तो गुरे राखी, राखण करी, धाकट्या भावंडाला सांभाळी. त्याला शिकायला पाठवायचे म्हणजे एक हात कमी होणार. शाळा परगावी असली, तर त्याच्या जेवणाची सोय वेगळी करावी लागणार. म्हणजे घराला दोन्हीकडून तोटा. अशा घराच्या मुलाला आपल्या समाजाने कसे सांभाळले? याची तीन उत्तरे आपल्या इतिहासात सापडतात. ती एकापुढे एक ठेवून पाहावीत, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू.

पहिले उत्तर वाराचे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी वार लावून शिक्षण केले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे मिळाली की आठवडा निभावला. एखादा वार रिकामा राहिला, तर त्या दिवशी उपास किंवा चुरमुरे. माधुकरी हा त्याचाच जुना भाऊबंद. या रिवाजाची थोरवी कमी लेखू नये. कोणा एकावर भार पडत नसे, रोख पैसा लागत नसे, आणि यजमान फारसा सधन नसला तरी आठवड्यातून एक पान वाढणे त्याला जड जात नसे. पुण्यात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने माधुकरीच्याच आधारावर मुले शिकवली आणि या जुन्या रिवाजाला संस्थेचे रूप दिले.

पण वाराच्या दोन मर्यादा होत्या. एक उघड होती. वार प्रामुख्याने ब्राह्मण मुलांना ब्राह्मण घरांत मिळत. कुणब्याच्या, मांगाच्या, महाराच्या मुलाला कोणाच्या स्वयंपाकघरात वार लागणार? ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांच्यासाठी ते दार मुळात उघडतच नसे. दुसरी मर्यादा आतली होती. जेवणाऱ्या मुलाने त्या घरात कसे वागायचे, हे यजमान ठरवी. पंक्तीत शेवटी बसायचे, पाणी भरायचे, देवपूजेची फुले आणायची, सांगतील ते काम करायचे. काही घरांत मायेने वाढत, काही घरांत हिशेबाने. अन्न मिळे, पण आपण कोणाच्या तरी उपकारावर जगतो, ही जाणीव घासाघासाला होई. मुलाचे आईबाप तर या व्यवहारात कुठेच नसत.

दुसरे उत्तर कोल्हापूरचे. १९०१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पुढच्या काही वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्या एका शहरात उभी राहिली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. दरबारने जागा आणि अनुदान द्यावे, त्या त्या समाजाने वर्गणी काढून कारभार पाहावा, अशी ही रीत होती. वारात जे घराघरांत विखुरलेले होते, ते इथे एका छपराखाली आले. ज्यांना वार मिळत नव्हता, त्यांना आता हक्काचे पान मिळाले. हे पाऊल फार मोठे होते.

तरी जातीची भिंत उभीच होती. ती किती पक्की होती, हे त्याच सालच्या एका प्रसंगातून दिसते. जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आला. परत आल्यावर त्याला स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्याला बाहेर पडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे कुंभोजचे भाऊराव पायगोंडा पाटील. अन्न देणारा हात अन्नासोबत अटही घालू शकतो, हा धडा त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

तिसरे उत्तर याच भाऊरावांचे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. त्यामागे सत्यशोधक चळवळीची प्रेरणा होती. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकच वसतिगृह निघाले. मुले एकत्र राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

पण मुलांना खायला काय घालायचे? भाऊराव काही संस्थानिक नव्हते. पाठीशी श्रीमंत जात नव्हती. ज्यांच्यासाठी संस्था काढली, ती रयत स्वतःच अर्धपोटी. अशा स्थितीत जी युक्ती उपयोगी पडली ती मुष्टिफंडाची. पहाटे बाई जात्यावर बसली, की दळणातली एक मूठ ज्वारी किंवा बाजरी बाजूच्या गाडग्यात टाकायची. गाडगे भरले की ते धान्य वसतिगृहाकडे जायचे. पावती नाही, सभा नाही, भाषण नाही.

या मुठीचा हिशेब एकदा मांडून पाहू. मूठभर धान्य म्हणजे आजच्या मापाने अदमासे पन्नास ग्रॅम धरा. महिन्याला दीड किलो झाले. वाढत्या वयाच्या मुलाला रोज अर्धा किलो धान्य लागते असे मानले, तर महिन्याला पंधरा किलो. म्हणजे दहा घरांच्या मुठीवर एक मूल जगते. हा माझा ढोबळ आकडा आहे, पण त्यावरून मर्म कळते. दहा गरीब घरे मिळून जे करू शकत होती, ते करायला एरवी एक सावकार शोधावा लागला असता.

मला यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट धान्याच्या वजनापलीकडची आहे. वारात देणारे घर वेगळे आणि घेणारे घर वेगळे होते. कोल्हापुरात देणारा दरबार होता किंवा जातीतला सधन वर्ग होता. मुष्टिफंडात हा भेद पुसला गेला. ज्या बाईचा मुलगा वसतिगृहात जेवत होता, तीही मूठ टाकू शकत होती. आणि ज्या बाईने आज मूठ टाकली, तिचा मुलगा उद्या तिथे येऊ शकत होता. मूठ सगळ्यांची सारखी, त्यामुळे कोणी कोणाचे उपकारकर्ते राहिले नाही. गरीब घराला मदत करताना आपण बहुधा त्याची गरज मोजतो. या रीतीने त्या घराची ऐपतही मोजली, आणि ती शून्य नाही हे दाखवून दिले.

हीच भूमिका वसतिगृहाच्या आतही होती. मुले दळत, शेतात राबत, विहीर खणत, बांधकामाला हात लावीत. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे ब्रीद तिथून आले, आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजनाही तिथलीच. याबद्दल एक शंका मनात येते, ती बोलून दाखवतो. सधनाच्या मुलाला शिकण्यासाठी खडी फोडावी लागत नाही. मग गरिबाच्याच मुलाने का फोडावी? आक्षेप खरा आहे. पण त्या काळी त्या मुलापुढे पर्याय होता तो गुरांमागे जाण्याचा. आणि यजमानाच्या घरी पाणी भरणे व आपल्याच वसतिगृहाची विहीर खणणे या दोन कष्टांत फरक आहे. एकात उपकार फेडायचा असतो, दुसऱ्यात मालकी असते.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. ती मूठ कोणाच्या वाट्यातून जात होती? आपल्या घरांत सर्वांत शेवटी कोण जेवते, हे सांगायला नको. दळणातली मूठ कमी झाली, तर भाकरी कोणाच्या ताटातली कमी होणार, हेही उघड आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या बाईंनी सर्व जातींची मुले पोटच्या पोरांसारखी सांभाळली. त्यांचे दागिने एकेक करून मुलांच्या अन्नात गेले आणि अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे, ते योग्यच. पण हजारो गाडग्यांत मूठ टाकणाऱ्या बायांची नावे कुठल्याही वहीत नाहीत. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह. त्याच्या पारंब्या आपण मोजतो, मुळे मोजत नाही.

या भागीदारीची कसोटी १९४८ मध्ये लागली. तोवर संस्थेच्या शाळा पाचशेंवर गेल्या होत्या आणि त्या सरकारी अनुदानावर चालत होत्या. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी सरकारवर जाहीर टीका केली आणि मुंबई सरकारने अनुदान थांबवले. शिक्षकांचे पगार अडकले. संस्था मोडेल असे अनेकांना वाटले. ती मोडली नाही. शिक्षक टिकून राहिले, लोकांनी धान्य आणि पैसा दिला, संत गाडगेबाबांनी मध्यस्थी केली आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. या प्रसंगातून दोन्ही गोष्टी शिकाव्यात. केवळ मुठीवर पाचशे शाळा चालत नाहीत. त्यासाठी सरकारच हवे. पण केवळ सरकारवर चाललेली संस्था सरकारच्या एका सहीने बंद पडते. मूठ होती म्हणून ती सही पचवता आली.

आता महाराजांपाशी येतो. सयाजीराव १९३९ च्या फेब्रुवारीत निवर्तले. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, साताऱ्यात भाऊरावांनी मोफत आणि निवासी असे हायस्कूल काढले आणि त्याला नाव दिले महाराजा सयाजीरावांचे. वडोद्याचा राजा आपल्या प्रजेला हुकमाने शाळेत बसवीत होता. साताऱ्याची रयत आपल्या मुलांना मुठीने जगवीत होती. वरून येणारा आधार आणि खालून उभा राहणारा आधार यांची गाठ त्या एका दारावर पडली. मराठी समाजाच्या इतिहासात याहून बोलकी पाटी मला तरी आठवत नाही.

आपण वडोद्याची माणसे वरून आलेल्या आधाराची लेकरे आहोत, आणि त्याचा अभिमान रास्त आहे. आजही आपली मंडळे गणवेश वाटतात, वह्या वाटतात, हुशार मुलांना शिष्यवृत्त्या देतात. समारंभात मूल व्यासपीठावर येते, पाकीट घेते, वाकून नमस्कार करते आणि खाली उतरते. त्याची आई मागच्या रांगेत बसलेली असते. तिला आपण काही विचारत नाही. तिच्याकडून काही घ्यावे, हे तर आपल्या मनातही येत नाही. तिच्याकडे द्यायला काय असणार, असे आपण गृहीत धरतो.

जात्याजवळच्या त्या गाडग्याने हेच गृहीत खोटे ठरवले होते. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीचे नियम ठरवायला आपली समिती बसेल, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन आयांना त्या बैठकीत खुर्ची द्यावी, एवढी सूचना करून मी आपला निरोप घेतो.