पेंडीतली बुरशी आणि निळा ठिपका



पावसाळ्यात पेंडीची गोणी उघडली की कधी कधी आतले खडे हिरवट-पिवळे दिसतात. वसई-विरारकडची हवा ओली, त्यामुळे हे नेहमीचंच. आपण वरचा थर काढतो, बाकीची पेंड उन्हात पसरतो आणि म्हशीपुढे ठेवतो. यात बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल.

१९६० साली इंग्लंडात टर्की जातीचे एक लाखावर पक्षी पटापट मेले. अंगात जंतू सापडेना, ओळखीचं विष सापडेना. रोगाला नाव दिलं 'टर्की एक्स', म्हणजे अज्ञात रोग! माग काढता काढता शास्त्रज्ञ पोचले ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत. 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस' या बुरशीने त्यात विष सोडलं होतं. बुरशीच्या नावावरूनच विषाला नाव पडलं, अफ्लाटॉक्सिन.

हे साहेबाच्या देशातलं झालं. आता आपल्या शेजारचं ऐका. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या आदिवासी भागांत अवकाळी पावसाने मका भिजला, त्यावर बुरशी चढली. गरिबाघरी दुसरं धान्य कुठलं? तोच मका खाल्ला. माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं. तेच अन्न खाणारी कुत्रीही आजारी पडली. ३९७ माणसं आजारी पडल्याची नोंद झाली, त्यांतली १०६ दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मका तपासला, तेव्हा किलोमागे सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघालं. आज आपल्या देशात धान्यासाठी जी मर्यादा आहे, तिच्या हे चारशे ते हजार पट!

एवढंसं विष ओळखायचं कसं? दळलेल्या मालाचा अर्क काढून त्याचा थेंब सिलिका जेलचा थर दिलेल्या काचेवर ठेवतात. काचेचं एक टोक द्रावणात उभं केलं, की द्रावण वर चढताना अर्कातले पदार्थ वेगवेगळे होतात. मग अंधारात अतिनील किरणांचा दिवा लावतात. अफ्लाटॉक्सिनचा एक प्रकार निळा चमकतो, दुसरा हिरवा. इंग्रजीतल्या ब्लू आणि ग्रीन या शब्दांवरून त्यांना 'बी' आणि 'जी' म्हणतात.

पण चमकतं ते सगळं अफ्लाटॉक्सिन नसतं. म्हणून ठिपक्यावर गंधकाम्ल फवारतात. तो पिवळा झाला नाही, तर ते अफ्लाटॉक्सिन नव्हे. पिवळा झाला, तरी आणखी खात्री हवीच. सुरुवातीच्या काळात एक दिवसाच्या बदकाच्या पिलांना अर्क पाजून त्यांचं यकृत तपासायचे. आता झटपट तपासणीला एलायझा किट आहे, आणि पक्क्या निकालासाठी एचपीएलसी यंत्र. मात्र नुसत्या डोळ्यांनी निकाल देता येत नाही. स्वच्छ दिसणारी पेंडही विषारी निघते, आणि बुरशी दिसली म्हणजे विष असेलच असंही नाही.

तबेलेवाल्यांनी एक ध्यानात घ्यावं. म्हशीच्या पोटात गेलेल्या विषाचा थोडा अंश 'एम' नावाने दुधात उतरतो. उन्हात वाळवून पेंडीतलं विष पुरतं जात नाही, दूध उकळूनही जात नाही. हे दूध पितं कोण? आपली आणि मुंबईची पोरं. दुधाची मर्यादा म्हणूनच कडक आहे, किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन हजार किलो दुधात एक मिलिग्रॅम.

शंका आली तर ती पेंड जनावरांना देणं थांबवा आणि नमुना तपासायला द्या. आमच्याकडे लोक मूठभर पेंड कागदात बांधून आणतात. तिचा उपयोग नाही. विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. एका खड्यात भरपूर, शेजारच्या दहांत काहीच नाही. म्हणून अनेक गोण्यांतून, वरून, मधून, तळातून थोडं थोडं काढून एकत्र करा. दोन-तीन किलोचा कोरडा नमुना कापडी पिशवीत भरा, प्लास्टिकमध्ये त्याला घाम सुटतो. पिशवीवर माल कधी घेतला ती तारीख लिहा.