दफ्तरापासून दाव्यापर्यंत

रायगडच्या किनाऱ्यावर हिशेबाच्या जोरावर मोठी झालेली माणसे तीन शतकांपासून आढळतात. आज पनवेल-अलिबागच्या रुग्णालयांत बिलिंग आणि वित्त विभागाची सूत्रे सांभाळणाऱ्यांचा व्यवसाय त्यामानाने अगदी नवा आहे. पण त्यात वर चढण्याची रीत जुन्या दफ्तरातलीच आहे. नुसती रक्कम मोजणारा फारसा पुढे जात नाही. कोणत्या कागदावर पैसा सुटेल आणि कोणत्या कागदावर अडेल हे ज्याला कळते, तो पुढे जातो.

श्रीवर्धनच्या भट घराण्याकडे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखातली देशमुखी होती. या घराण्यातला बाळाजी विश्वनाथ सिद्दीशी बिनसल्यावर घाटावर गेला. तरुणपणी त्याने चिपळूणच्या मिठागरावर कारकुनी केल्याचे सांगितले जाते. पुढे तो पुणे प्रांताचा सरसुभेदार झाला आणि 1713 मध्ये शाहू छत्रपतींनी त्याला पेशवाई दिली. त्याची पहिली मोठी कामगिरीही याच किनाऱ्यावरची. 1714 मध्ये त्याने कान्होजी आंग्र्यांशी तह करून त्यांना शाहूच्या बाजूला वळवले. पण त्याची खरी करामत 1719 मध्ये दिल्लीहून आणलेल्या सनदांनंतर दिसली. चौथाईच्या वसुलीची त्याने बाबती, साहोत्रा, नाडगौडा आणि मोकासा अशी वाटणी केली. राजाचा हिस्सा, पंत सचिवाचा हिस्सा आणि सरदारांचा हिस्सा एकाच वसुलीत असे गुंतवले की हिशेबनिसांवाचून कोणाचेच चालेना. तलवारीपेक्षा वाटणीचा तक्ता राज्य अधिक घट्ट बांधतो, हे त्याने ओळखले होते. मात्र याच वाटणीने सरदारांना आपापल्या मुलखात मोकळे केले, हा दोषही मान्य करावा लागतो.

हरिहरेश्वरासमोर, सावित्रीच्या मुखापलीकडे वेळास हे गाव आहे. तिथल्या भानू घराण्यातला बाळाजी महादेव हा भट कुटुंबाबरोबर घाटावर गेला आणि पुढे या घराण्याकडे पेशव्यांची फडणिशी आली. जमाखर्चाची पडताळणी, सनदांची नोंद आणि खर्चाची मंजुरी ही सगळी फडणिसाच्या दफ्तरातून जात असे. रोजकीर्द लिहायची, तिच्यावरून खतावणी करायची, महालांकडून आलेले हिशेबाचे झाडे ताडून पाहायचे, हे काम कंटाळवाणे दिसे, पण राज्याचे सारे बिंग या कागदांत असे. बाळाजीचा नातू बाळाजी जनार्दन, म्हणजेच नाना फडणवीस (1742–1800), याच दफ्तरातून उठून मराठेशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने स्वतः फौज कधी चालवली नाही, ही गोष्ट त्याच्या निंदकांनी वारंवार काढली.

या सगळ्या व्यवस्थेत आजारपणाचा हिशेब मात्र नव्हता. वैद्य दक्षिणेवर, धान्यावर किंवा ओळखीवर काम करी. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान 1840 मध्ये इंग्रजांनी खालसा केले आणि 1869 मध्ये कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, वेगळा झाला. त्यानंतर सिव्हिल सर्जन आणि सरकारी दवाखाने आले. तिथला खर्च तिजोरीतून होई आणि रोग्याकडून फार तर केसपेपरचे किरकोळ पैसे घेतले जात. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे गेला. तरी दवाखान्यातला हिशेबनीस औषधसाठ्याची वही आणि पगारपत्रक यांपलीकडे फारसा जात नव्हता.

बदल विम्याने घडवला, आणि त्याच्या आरंभीही या जिल्ह्याचा एक माणूस उभा आहे. चिंतामणराव देशमुख 1896 मध्ये महाडजवळच्या नाते गावी जन्मले. घर मूळचे रोह्याचे. आयसीएस परीक्षेत पहिले आलेले देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. 1952 च्या निवडणुकीत ते कुलाब्यातूनच लोकसभेवर गेले. अर्थमंत्री असताना 1956 मध्ये त्यांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले. देशी-विदेशी मिळून 245 विमा कंपन्या आणि सोसायट्या एका महामंडळात आल्या. त्याच वर्षी मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावरून त्यांनी मंत्रिपद सोडले. आयुर्विमा म्हणजे आरोग्यविमा नव्हे, हे खरे. पण सर्वसाधारण विम्याचेही 1973 पर्यंत राष्ट्रीयीकरण झाले आणि त्या सरकारी कंपन्यांनी 1986 मध्ये ‘मेडिक्लेम’ बाजारात आणला. रुग्णालयाचे बिल रोग्याऐवजी तिसऱ्याने भरायचे, ही कल्पना मध्यमवर्गीय घरांत रुजली ती इथून.

सुरुवातीला रोगी आधी पैसे भरी आणि मागून विमा कंपनीकडे कागद पाठवी. 2001 च्या नियमांनी त्रयस्थ प्रशासक, म्हणजे ‘टीपीए’, अधिकृत झाले आणि रोकडरहित उपचारांची पद्धत पसरली. मग रुग्णालयांना टीपीए डेस्क उघडावे लागले. तिथे बसणाऱ्याला हिशेबाइतकेच वैद्यकही समजावे लागे. निदान आणि शस्त्रक्रिया यांचा मेळ बसला नाही की दावा नाकारला जाई आणि तोटा रुग्णालयाच्या अंगावर पडे. कॅशियर आणि बिलिंग अधिकारी यांच्यातले अंतर इथे पडले.

सरकारी योजनांनी हे काम तालुक्यांपर्यंत नेले. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, मुंबई आणि मुंबई उपनगर हे बाकीचे. पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळू लागले आणि 971 प्रक्रियांचे दर ठरवून दिले गेले. रुग्णालयात आरोग्यमित्र रोग्याची नोंद करी, वैद्यकीय समन्वयक तपासण्यांचे अहवाल चढवी, पूर्वमंजुरी आली की शस्त्रक्रिया होई आणि रोगी घरी गेल्यावर दावा दाखल होई. एखादा एक्स-रे चढवायचा राहिला तरी पैसे अडत. फडणिसाचा शेरा नसलेल्या वरातीची, म्हणजे पैसे देण्याच्या हुकमाची, गतही याहून वेगळी नसे.

2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, नंतर ती आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि 2023 च्या निर्णयाने विम्याची मर्यादा पाच लाखांवर गेली. ठरीव दरांमुळे वित्तप्रमुखाचे कामही बदलले. पूर्वी खर्चावर नफा चढवून बिल करता येई. आता दर सरकारचा असल्याने खाटेचा, औषधाचा आणि शस्त्रक्रियागृहातल्या तासाचा खरा खर्च काढावा लागतो. त्यात धर्मादाय रुग्णालयांना 2006 च्या उच्च न्यायालयीन योजनेनुसार बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते आणि दहा टक्के खाटा मोफत, दहा टक्के सवलतीत ठेवायच्या असतात. हा सगळा मेळ घालणारा माणूस आपोआप व्यवस्थापनाच्या बैठकीत बसू लागला. वाणिज्य शाखेचा पदवीधर काउंटरवर लागतो, टीपीए डेस्कवर रोग आणि उपचारांचे कोडिंग शिकतो, नाकारलेले दावे परत मिळवून दाखवतो आणि मग विभागप्रमुख होतो, असा हा साधारण मार्ग आहे. चार्टर्ड किंवा कॉस्ट अकाउंटंट वरच्या पायरीवर थेट येतात, पण वॉर्डातला कागद त्यांना शिकावाच लागतो.

खारघर, कामोठे, पनवेल भागातल्या तरुणांनी आणखी एक वाट धरली. ऐरोली-महापेच्या कार्यालयांत बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिले करणे ही ती वाट. अमेरिकेने 1 ऑक्टोबर 2015 पासून रोगांची नवी, कितीतरी बारीक संकेतावली लागू केली आणि ती जाणणाऱ्यांची मागणी वाढली. इथली पदोन्नती नेमकेपणावर मोजली जाते. रात्रपाळीने प्रकृतीची केलेली नासाडी मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार पूर्ण मोफत झाले आणि केसपेपरचे शुल्कही गेले. रोग्याच्या हाती बिल येत नाही, पण योजनेतल्या उपचारांचे दावे सरकारी रुग्णालयेही दाखल करतात आणि त्यांतून आलेली रक्कम रुग्णालयाच्या कामी येते. त्यामुळे जिल्हा रुग्णालयाच्या लेखा शाखेतही आता वसुलीपेक्षा दाव्यांचा पाठपुरावा करणारा माणूस महत्त्वाचा ठरतो.